स्कोप धुऊनसुद्धा कल्चर (जंतूंची तपासणी) पॉझिटिव्ह येतंय, मदत हवी आहे

नमस्कार, कोल्हापुरात एका खाजगी हॉस्पिटलात एंडोस्कोपी रूम सांभाळते. जुलैपासून एका गॅस्ट्रोस्कोपच्या (पोट आतून बघायची दुर्बीण) चॅनेलमध्ये, म्हणजे आतल्या बारीक नळीत, स्यूडोमोनास हा ओलीत वाढणारा जंतू येतोय, दोनदा आला आणि दोन्ही वेळा सोमवारी सकाळच्या सॅम्पलमध्ये. सर म्हणतात घासायला कमी पडताय. आता बोला.

करते ते सांगते, म्हणजे नंतर कुणी ‘ब्रश मारता का’ विचारायला नको. स्कोप बाहेर निघाला की तिथंच पुसून डिटर्जंटचं पाणी ओढायचं, मग लीक टेस्ट, बटणं काढून एन्झायमॅटिक डिटर्जंटमध्ये बुडवून चॅनेलला ब्रश, तो स्वच्छ निघेपर्यंत. मग धुऊन २ टक्के ग्लुटाराल्डिहाइड या जंतुनाशकात २० मिनिटं, टायमर लावून, त्याची ताकद दाखवणारी स्ट्रिप रोज बघून. घाण राहिली तर ते केमिकल तिला उलट आतच घट्ट बसवतं, त्यामुळं घासताना मी घाई करतच नाही, बाहेर नातेवाईक कितीही दार वाजवोत.

माझा संशय वाळवण्यावर आहे. शनिवारी शेवटची केस झाली की फिल्टरच्या पाण्यानं धुणं, स्पिरिट, सिरिंजनं हवा, आणि स्कोप कपाटात टांगला. कपाट साधं लाकडी. इथला पाऊस माहीतच आहे, पंचगंगा चढली की घरातल्या चादरी चार दिवस वाळत नाहीत, तर २.८ मिलीमीटरच्या नळीचं काय घेऊन बसलाय! परवा सोमवारी मुद्दाम टोकाखाली टिश्यू धरून हवा मारली तर दोन थेंब पडले. एवढ्या ओलीत बायोफिल्म, म्हणजे जंतूंचा चिकट थर, धरली की मग केमिकल आत पोचत नाही.

सरांना २०१५ चं लॉस एंजेलिसचं सांगितलं, यूसीएलएच्या हॉस्पिटलात ईआरसीपीच्या (पित्तनलिकेच्या तपासणीच्या) स्कोपमधून ७ जणांना जंतू लागले, त्यातले २ दगावले, आणि धुणं कंपनीनं सांगितल्याप्रमाणंच होतं, घाण राहिली ती टोकाच्या एलिव्हेटरमध्ये, म्हणजे हत्यार वर उचलणाऱ्या छोट्या भागात. सर म्हणाले आपल्या स्कोपला एलिव्हेटरच नाही. नाही हो, पण ओल आहे ना?

तो स्कोप सध्या बाजूला ठेवलाय. ड्रायिंग कॅबिनेटला बजेट नाही म्हणे. कुणी मेडिकल एअरच्या लाइनला फिल्टर लावून किमान १० मिनिटं चॅनेल वाळवताय का, प्रेशर किती ठेवता? आणि सोमवारी पहिल्या केसआधी परत बुडवता का? सांगली-मिरजेकडं बोरोस्कोपनं (नळीत घालायचा बारीक कॅमेरा) चॅनेल आतून बघून देणारं कुणी असेल तर तेही सांगा.

प्रतिसाद: ताई, वाळवण्याचं बरोबर पकडलंय, पण शेवटी ज्या पाण्यानं धुता त्याचं कल्चर केलंय का? आणि स्कोपची पाण्याची बाटली रोज निर्जंतुक होते का? आमच्यात फिल्टरच्या कँडलमध्येच सापडलं होतं.

मी: बाटली होते रोज. पाण्याचं नाही केलं. कँडल मे महिन्यात बदललेली, पाऊस लागायच्या आधी. उद्याच सॅम्पल पाठवते.