कोरियात सक्तीच्या शिपायाचा पगार वाढला, पण हासाचं काय?

पश्चिमवारा (धागाकर्ता)

दक्षिण कोरियात धडधाकट मुलाला सैन्यातून सुटका नाही. लष्करात दीड वर्ष, नौदलात २० महिने, हवाई दलात २१. या मुलांना पूर्वी अगदीच तुटपुंजं मिळायचं. २०१७ मध्ये ब्योंगजांग, म्हणजे सक्तीच्या शिपायांमधला सगळ्यात वरचा हुद्दा, महिन्याला २,१६,००० वॉनवर होता. २०२५ मध्ये तोच आकडा १५ लाख वॉनवर गेला. शिवाय तो बचत योजनेत टाकेल त्यावर सरकार महिन्याला साडेपाच लाखांपर्यंत भर घालतं. एकूण साडेवीस लाख, आपल्या हिशोबात सव्वा लाख रुपयांच्या आसपास.

आता त्याच बराकीतला हासा घ्या. हा पगारी, स्वतःहून भरती झालेला, सक्तीच्या मुलांना शिकवणारा आणि सांभाळणारा सगळ्यात खालचा हुद्देदार. नव्या हासाचा मूळ पगार २०२५ मध्ये जेमतेम २० लाख वॉन. वर भत्ते मिळतात हे खरं, पण त्यातून कर जातो, पेन्शनची वर्गणी जाते, जेवणाचे पैसे जातात. शिपायाचं जेवण फुकट आणि पगार करमुक्त. म्हणजे ज्याला हुकूम द्यायचा त्याच्या आणि आपल्या हातात पडणाऱ्या पैशांत फारसा फरक नाही, आणि जबाबदारी मात्र सगळी आपल्यावर. चार वर्षांचा करार संपला की हे हासा निघून जातात यात नवल ते काय?

माझं म्हणणं सरळ आहे. शिपायाचा पगार वाढला ते योग्यच झालं, पण हासाला त्याच वेळी वर उचललं नाही ही घोडचूक आहे. दीड वर्षात मुलगा हत्यार नीट हाताळायला लागतो न लागतो तोच घरी जातो. आपली के-९ वज्र ज्या तोफेवरून आली, ती के-९ तिथे रोज चालती ठेवायची तर वर्षानुवर्षं त्याच तोफेवर राहणारा माणूस लागतो. त्यात २०२३ मध्ये तिथला जननदर ०.७२ वर आला. पुढे शिपाईच कमी मिळणार आहेत. मग सैन्य कोणाच्या जोरावर चालवणार?

मुळाकाठ

असहमत. हासाचं दुःख शिपायाच्या पगाराशी तोलायचं कारणच काय?

शिपायाला विचारून कोणी नेत नाही. कॉलेज अर्धवट टाकून, नोकरी सोडून तो जातो, नाही गेला तर तुरुंग. २०१७ चे ते २,१६,००० वॉन त्या वर्षीच्या किमान वेतनाच्या सहाव्या हिश्श्याइतके होते. ही कायद्याने करवून घेतलेली वेठबिगारी होती आणि ती कित्येक दशकं चालली. पैसा मर्यादित असेल तर पहिला हक्क ज्याच्यावर सक्ती आहे त्याचा.

हासा स्वतः सही करून येतो. २० वर्षं पुरी केली की निवृत्त होताच पेन्शन सुरू, तीही वयाची अट न घालता. बाकीचे कोरियन नागरिक साठी उलटेपर्यंत थांबतात. ही सवलत मोजायची नाही का?

अपशिंगेकर (माजी हवालदार)

मुळाकाठ साहेब, पेन्शन २० वर्षांनी. पण २० वर्षांपर्यंत पोचतो कोण? चार वर्षं झाली की दीर्घ सेवेसाठी अर्ज करायचा, आणि निवड नाही झाली तर बाहेर. बाहेर पडणाऱ्याला पेन्शन नाही. निवड झाली तरी हुद्द्याची वयोमर्यादा आहे. त्याच्या वरचा जुंगसा त्याच हुद्द्यावर राहिला तर पंचेचाळिशीला घरी. पोरं शाळेत असतात हो तेव्हा!

मी जे काम केलं तेच हे हासा करतात, म्हणून बोलतो. नवा पोरगा रात्री उशीत तोंड खुपसून रडतो ते कर्नल साहेबाला दिसत नाही. पोस्टवर कोण पेंगतोय, कोणाचा बूट चावतोय, कोणाच्या घरून वाईट फोन आलाय, कोणाच्या हातात आज भरलेली रायफल द्यायची नाही, हे हवालदाराला माहीत असतं. हे शिकायला वर्षं जातात, आणि ते पुस्तकात कुठं लिहिलेलं नाही.

रात्रीच्या ड्यूटीचं बघा. २०२३ पर्यंत तिथे कामाच्या दिवशी रात्रभर जागल्याचे १०,००० वॉन मिळायचे. त्या वर्षी किमान वेतन तासाला ९,६२० होतं. म्हणजे पूर्ण रात्रीला एका तासाची मजुरी! २०२४ ला ते २०,००० केले, सुट्टीच्या दिवशी ४०,०००. एवढ्यावर बायकोला काय सांगायचं माणसानं?

आणि कोरिया आपल्याला परका नाही. १९५३ ला तिथल्या युद्धकैद्यांची छावणी सांभाळायला भारतीय दल गेलं, त्याचं नेतृत्व कोल्हापूरकडच्या थोरात साहेबांकडं होतं.

रांजणगाव_शिफ्ट

आमच्या लाइनवर एक कोरियन सहकारी आहे. त्याने चोरवॉनला, अगदी सीमेलगत, सेवा केली. हासांबद्दल विचारलं तर तो फार गोड बोलत नाही. २०१४ मध्ये २८व्या डिव्हिजनमध्ये एका शिपायाला त्याच्याच बराकीतल्यांनी मारून मारून ठार केलं. आरोपींत त्या गटाचा हासाही होता. ज्याने रोखायचं तोच सामील. सवलती द्या, पण आधी जाब विचारायची सोय करा. २०२० पासून शिपायांना ड्यूटीनंतर मोबाइल अधिकृतपणे मिळू लागला, तो कित्येकांना पगारवाढीपेक्षा मोठा आधार वाटला. घरी फोन करता येतो म्हटल्यावर मारणाराही दहा वेळा विचार करतो.

अपशिंगेकर (माजी हवालदार)

दादा, ती केस मलाही माहीत आहे आणि त्या हासाची बाजू मी घेणार नाही. पण त्यातला मुख्य आरोपी शिपाई त्या हासापेक्षा वयानं मोठा होता. पोरसवदा हासा, पगार तुटपुंजा, पाठीशी जुना सांगसा, म्हणजे जुंगसाच्याही वरचा हुद्देदार, नाही, बराकीत वचक कसा राहणार? पंधरा वर्षं सेवा झालेला माणूस तिथं असता तर ते पोरगं वाचलं असतं असं मला मनापासून वाटतं.

जुनी_पानं

हा प्रश्न प्रशियाने शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी वेगळ्या तऱ्हेने सोडवला होता. तिथेही सैन्य सक्तीचं. जो स्वेच्छेने मागे राहून १२ वर्षं पुरी करी त्याला नागरी नोकरीच्या हक्काचा दाखला मिळे. रेल्वे, पोस्ट, पोलीस, कस्टम्स अशा खात्यांत खालच्या जागा अशा लोकांसाठी राखीव असत. पगार बेताचाच, पण पुढचं आयुष्य सुरक्षित, म्हणून माणसं टिकत. कोरियाने पगाराच्या शर्यतीत न पडता असं काही करावं.

मुळाकाठ

आणि त्याचा परिणाम? पोस्टाच्या खिडकीवर कवायतीच्या आवाजात ओरडणारे बाबू. जर्मन जनतेची ही तक्रार जुनीच आहे. शिवाय कोरियात सरकारी नोकरीच्या परीक्षेसाठी मुलं वर्षानुवर्षं अभ्यास करतात. त्या जागा राखीव केल्या तर किंमत मोजणार पुन्हा तेच तरुण, जे आधीच दीड वर्ष देऊन बसलेत. मला हे अन्यायाचं वाटतं.

पश्चिमवारा (धागाकर्ता)

राखीव जागांबाबत मुळाकाठ यांच्याशी सहमत. जाब विचारण्याबाबत रांजणगाव_शिफ्ट यांच्याशीही. पण ‘स्वतः सही केली’ हा मुद्दा मला मान्य नाही, आणि का ते सांगतो.

४ ऑगस्ट २०१५. पाजूजवळ निर्लष्करी पट्ट्यातल्या कुंपणाच्या दारापाशी उत्तर कोरियाने लाकडी पेटीतले सुरुंग पुरून ठेवले होते. गस्तीवरच्या एका हासाचे दोन्ही पाय गेले, त्याला ओढून आणताना दुसऱ्या हासाचा एक पाय गेला. पहिला २१ वर्षांचा. २०१९ मध्ये सरकारी समितीने त्याची जखम लढाईतली मानली नाही, कामावर असताना झालेली दुखापत ठरवली. देशभर ओरड झाली तेव्हा निर्णय फिरवला.

सही करणाऱ्याने धोका पत्करलेला असतो, बेपर्वाई नाही. अशा माणसाला सरकार स्वतःहून ओळखत नसेल तर पुढचा मुलगा सही का करेल? शिपायाचा एक वॉनही कमी करू नका. हासाचा मूळ पगार शिपायाच्या एकूण मिळकतीच्या किमान दीडपट ठेवा, रात्रीच्या ड्यूटीचे पैसे तासाच्या हिशोबाने द्या, ह्वाचॉन-इंजेसारख्या सीमेवरच्या गावांत राहण्याजोगी घरं बांधा, आणि दीर्घ सेवेची निवड चौथ्या वर्षापर्यंत टांगून न ठेवता दुसऱ्याच वर्षी कळवा.

मुळाकाठ

दुसऱ्या वर्षी निवड कळवायची, हे पटलं. याला फार पैसाही लागत नाही. दीडपटीला मात्र माझा विरोध कायम. शिपायाचा पगार वाढला की हासाचा आपोआप वाढणार असेल, तर अर्थखातं शिपायाचा पगार पुन्हा कधी वाढूच देणार नाही. दोन्ही आकडे एकमेकांना बांधू नका.

अपशिंगेकर (माजी हवालदार)

मग ड्यूटीचे पैसे तरी तासावर करा साहेब, त्याला तुमची हरकत नसावी. घरांचं काम त्याच्याही आधी. नवरा चोरवॉनला आणि बायको-पोरं सोलला, असा संसार फार वर्षं टिकत नाही. माझ्या पलटणीतले किती तरी चांगले लोक पगारासाठी नाही, याच कारणासाठी पंधरा वर्षांवर घरी गेले.