शेअर्ड मेमरीचा जुना बग, इंटरनेटच नसलेल्या मशीनला काय धोका?

उद्यमबाग_नाइटशिफ्ट: नमस्कार मंडळी. आमच्या कारखान्यात फ्रीबीएसडी 4.9 या ऑपरेटिंग सिस्टिमचा एक डबा अजून चालू आहे, स्टोअरचा सगळा हिशोब त्याच्यावरच, पॅच (दुरुस्तीचा अपडेट) कधी मारलेलाच नाही. 2004 चा तो शमॅट (shmat) कॉलचा बग वाचला, शेअर्ड मेमरी, म्हणजे अनेक प्रोग्राम मिळून वापरतात ती मेमरी, प्रोग्रामला जोडताना एरर आली की वापरणाऱ्यांचा काउंट कमी होत नाही म्हणे. मालकांना सांगितलं तर म्हणतात इंटरनेट नाही, कोण येतंय आत? आणि नुसता काउंट चुकला तर एवढं काय बिघडतंय हे मलाही कळेना.

वडगावचा_माग: लई बिघडतंय की. मेमरीचा तुकडा किती जण वापरायलेत याचा आकडा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, ठेवतो, शून्य झाला की तुकडा मोकळा. शमॅटला मुद्दाम चुकीचा पत्ता दिला की तो आधी आकडा एकने वाढवतो, मग जोडणी फसते, एरर देऊन परत येतो आणि वाढवलेला एक तसाच राहतो. आता हेच करत बसायचं. मागाचा काउंटर बघितलास ना, 9999 नंतर परत 0000? तसाच 32 बिटचा आकडा 4294967296 वेळा वाढवला की फिरून मूळ जागी येतो. तो बरोबर एकवर आणून थांबवला की पुढं कोणी तुकडा सोडल्याबरोबर कर्नलला वाटतं झालं, सगळे गेले, आणि जागा दुसऱ्या कामाला देऊन टाकतो. तुझा प्रोग्राम मात्र अजून तिथंच बसलेला, कर्नलची मेमरी वाचतोय, वर लिहितोय पण.

टिळकवाडी_रूट: चारशे कोटी वेळा कोण मारत बसतंय राव 😄

वडगावचा_माग: तू नाही रे, तेच परत परत करणारा प्रोग्रामचा लूप मारतो. कॉलला एक मायक्रोसेकंद धर, सव्वा तासाच्या आत खेळ खलास. डबा दहापट हळू असला तर एक रात्र.

खानापूरकर: मालकांचा इंटरनेटचा मुद्दाच चुकीचा आहे, हा लोकल बग, ज्याच्याकडं लॉगिन आहे त्याचाच. आधी अकाउंट किती ते बघा. नेटबीएसडी, ओपनबीएसडी या फ्रीबीएसडीच्या भावंडांतही हाच होता. लिनक्सवाल्यांनी हसू नये, त्यांचा डर्टी काऊ नावाचा बग 2007 पासून 2016 पर्यंत पडून होता, तोही मेमरीचाच घोळ. शमॅटचा पॅच तेव्हा फेब्रुवारी 2004 मध्येच आला होता, पण आता 4.9 ला ठिगळ लावण्यापेक्षा डेटा हलवा.

उद्यमबाग_नाइटशिफ्ट: बघितलं. 11 अकाउंट, त्यातले 7 काम सोडून गेलेल्यांचे, एकाचा पासवर्ड अजून मॉनिटरला चिकटवलेला. सातही बंद केले. मशीन बदलायचं तर मालक म्हणतात गणपती झाल्यावर बघू. आणि बॅकअप सगळा टेपवर आहे, टेप वाचणारा ड्राइव्ह बेळगावात कोणाकडं चालू आहे का?