घरच्या स्मूदीचे प्रयोग – फसलेले आधी सांगा

रोज सकाळी स्मूदी प्यायची असं ठरवून तीन महिने झाले. पहिल्याच आठवड्यात पालक, बीट, गाजर, सफरचंद असं हाताला लागेल ते मिक्सरमध्ये ढकललं आणि रंग आला चिखलाचा. हिरवं नि लाल एकत्र केलं की तपकिरीच होणार, शाळेत रंगपेटी वापरलेल्या माणसाला हे कळायला हवं होतं. नवऱ्याने वास घेतला आणि ऑफिसला उशीर होतोय म्हणून पळाला. रविवार होता. तर लिहा आपापले अनुभव.

*

किवी आणि दूध!! सकाळी करून फ्रीजमध्ये ठेवली, संध्याकाळी बघते तर कडूजहर. दूध नासलं असेल म्हणून ओतून दिली, दुसऱ्या दिवशी ताज्या दुधात केली तरी तेच. मग कळलं की कच्च्या किवीत एन्झाइम असतं, ते दुधातली प्रथिनं तोडतं आणि ते तुकडे कडू लागतात. अननसाचंही असंच. आता किवी घातली तर उभ्या उभ्याच पिऊन टाकते, आणि अननस आधी उकळून घेते म्हणजे एन्झाइमचा खेळ संपतो.

*

बीटवाल्यांनो, दुसऱ्या दिवशी बाथरूममध्ये लालसर दिसलं तर माझ्यासारखे धावत डॉक्टरकडे जाऊ नका. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, काल काय खाल्लंत?

*

माझा प्रॉब्लेम वेगळाच, पातं खाली गरगर फिरतंय आणि वरचं काही ढिम्म हलत नाही, कारण मी गोठलेली फळं तळाशी टाकायचो आणि दूध वरून, मग मध्येच हवा अडकते आणि पातं नुसतं पोकळीत फिरतं. आता आधी दही किंवा पाणी, त्यात फक्त पालक घालून एकजीव करतो, नाहीतर दातात पानं येतात, मग मऊ फळं, गोठलेलं सगळ्यात शेवटी. बर्फ घालत नाही, चव पातळ होते. त्याऐवजी जास्त पिकलेल्या केळ्याच्या चकत्या ताटलीत सुट्या पसरून फ्रीझरमध्ये ठेवतो, कडक झाल्या की डब्यात. सालासकट ठेवू नका हो, दगडावरून साल सोलायचा प्रसंग मी एकदा अनुभवलाय.

*

वजन कमी करायला सुरू केली, वाढलं! 2 केळी, 1 सफरचंद, 4 खजूर, वर मध. एवढं सगळं चावून एका बैठकीत मी कधीच खाल्लं नसतं, पण गटागटा पाच मिनिटांत संपायचं आणि अकराला परत भूक. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा ज्यूस आणि स्मूदी मिळून दिवसाला 150 मिलीच्या वर जाऊ नका म्हणते, आणि माझा ग्लास अर्ध्या लिटरचा. आता एकच फळ, बाकी काकडी-गाजर, दही आणि चमचाभर जवस. मध बंद. पहिले आठ दिवस रडले, मग जीभ शहाणी झाली.

*

काकडी घालायच्या आधी तुकडा चाखा. कडू निघाली तर फेकून द्या, मध घालून झाकू नका, तो कडूपणा पोटाला त्रास देऊ शकतो.

*

जरा सिरियस लिहितो. बाबांना आधी मुतखडा झालेला, आणि आम्ही हौसेने रोज कच्च्या पालकाची स्मूदी पाजत होतो. पालकात ऑक्झलेट (ज्यापासून मुतखडा बनतो ते) भरपूर, डॉक्टरांनी ऐकल्यावर कपाळावर हात मारला. आता त्यांच्यासाठी लेट्यूस. आणि घरात कोणाला रक्त पातळ ठेवायची वॉरफरिन चालू असेल तर पालेभाजी अचानक वाढवण्याआधी विचारून घ्या, पाल्यातल्या ‘के’ व्हिटॅमिनमुळे गोळीचा परिणाम कमी होतो.

*

बापरे, हे वॉरफरिनचं माहीत नव्हतं, सासूबाईंना चालू आहे. आजच विचारते.

*

मुलगा रोज विचारतो यात काय आहे, मी सांगते केळं. खोटं बोलत नाही, यादी अर्धीच वाचते :)

*

भांडं धुण्याबद्दल कोणीच कसं लिहीत नाहीये? केळं सुकलं की सिमेंट होतं. प्यायच्या आधीच भांड्यात पाणी आणि साबणाचा थेंब टाकून एकदा फिरवून घ्या.