छोट्या ऑर्डरसाठी इलेक्ट्रॉनिक सुटे भाग: अधिकृत वितरक की खुला ऑनलाइन बाजार?

मूळ मत

हौसेखातर इलेक्ट्रॉनिक्स करणाऱ्याची ऑर्डर लहान असते: दोन-तीन आयसी (एका चिपमध्ये बसवलेली सर्किटे), एखादा सेन्सर, मूठभर रेझिस्टर आणि कपॅसिटर, एखादा कनेक्टर. एवढ्याशा मालासाठी पुरवठादार निवडताना बहुतेक जण नगाचा भाव पाहतात आणि सर्वांत स्वस्त जाहिरात उघडतात. माझे मत असे आहे की लहान ऑर्डर देणाऱ्यानेच उत्पादक कंपनीने नेमलेल्या अधिकृत वितरकाकडून माल घ्यावा आणि हा नियम त्याने कारखान्यापेक्षाही काटेकोरपणे पाळावा. कारखान्याकडे आलेला माल तपासायला माणसे आणि उपकरणे असतात, शिवाय सदोष माल परत घ्यायला लावण्याइतके वजनही असते. एकट्याने काम करणाऱ्याकडे यांपैकी काहीच नसते. त्याचे सर्किट चालले नाही तर तो आधी जोडणी तपासतो, मग प्रोग्राम, मग सोल्डरिंग पुन्हा करतो, आणि आयसीवर छापलेले नावच खोटे असेल ही शंका त्याला सर्वांत शेवटी येते.

बॉश कंपनीचा बीएमई२८० हा सेन्सर तापमान, हवेचा दाब आणि आर्द्रता अशा तिन्ही गोष्टी मोजतो. त्याच कंपनीचा बीएमपी२८० फक्त तापमान आणि दाब मोजतो. दोहोंची मॉड्यूल वरवर पाहता सारखीच दिसतात आणि खुल्या बाजारात बीएमईच्या नावाखाली बीएमपी पाठवला जाणे ही तर नित्याची बाब झाली आहे. भिंगाखाली पाहिल्यास फरक कळतो: बीएमईचे धातूचे आवरण २.५ गुणिले २.५ मिलिमीटरचे, म्हणजे चौरस असते, तर बीएमपीचे २ गुणिले २.५ मिलिमीटरचे, म्हणजे किंचित आयताकृती असते. चिपमधला ओळख-रजिस्टर (तिचा ओळख-क्रमांक साठवणारी जागा) वाचला तर बीएमईकडून हेक्स (षोडशमान पद्धतीतला आकडा) ६० आणि बीएमपीकडून हेक्स ५८ असे उत्तर येते. ज्याला हे ठाऊक आहे त्याची अडचण दोन मिनिटांत सुटते, पण ज्याने पहिलेच हवामान-यंत्र जुळवायला घेतले आहे, त्याला ‘सेन्सर सापडला नाही’ एवढाच संदेश दिसतो आणि तो आपल्या तारांना दोष देत बसतो.

दुसरे उदाहरण सर्वज्ञात आहे. यूएसबी ते सिरियल जोडणीसाठी (संगणक आणि छोटे बोर्ड यांच्यात माहिती पाठवण्यासाठी) वापरल्या जाणाऱ्या एफटीडीआय कंपनीच्या एफटी२३२आरएल या चिपच्या नकला बाजारात अतोनात पसरल्या होत्या. २०१४ मध्ये विंडोजच्या अद्ययावतीकरणातून आलेल्या त्या कंपनीच्या ड्रायव्हरने (चिप चालवणाऱ्या संगणक-प्रोग्रामने) नकली चिपमधील ओळख-क्रमांक शून्य करून टाकला आणि कालपर्यंत चालणारी उपकरणे संगणकाला ओळखू येईनाशी झाली. कंपनीने तसे करणे योग्य होते असे मी म्हणत नाही, आणि टीकेनंतर तो ड्रायव्हर मागेही घेतला गेला. परंतु ज्यांची उपकरणे बंद पडली, त्यांपैकी अनेकांना आपण नक्कल विकत घेतली आहे याची कल्पनाच नव्हती.

अधिकृत वितरक लहान गिऱ्हाइकाला दारात उभे करत नाहीत, हा समज आता मागे टाकायला हवा. डिजी-की, माउझर, फार्नेल यांच्यासारखे वितरक बहुतेक आयसी एकेक नगानेही देतात आणि रीलवरच्या (पट्टीत बसवून गुंडाळलेल्या) भागांची पट्टी हवी तेवढी कापून पाठवतात.

प्रतिसाद १

मूळ मताशी मी असहमत आहे, कारण त्यात लहान ऑर्डरचा मुख्य प्रश्न शेवटच्या दोन वाक्यांत उरकला आहे. वितरक एक नग देतो हे खरे, पण तो एक नग पाठवण्याचा खर्च त्या नगाच्या किमतीच्या कित्येक पट होतो, आणि माल सीमेपलीकडून येत असेल तर जकात आणि कागदपत्रांचे शुल्क वेगळे. मोफत पाठवणीसाठी वितरकांनी ठेवलेली किमान रक्कम कंपन्यांच्या खरेदीला साजेशी असते. ज्याला दोन ऑप-अँप (संकेत मोठा करणाऱ्या चिप) आणि पाच-सहा रेझिस्टर हवे आहेत, त्याला अधिकृत वितरकाकडे जा असे सांगणे म्हणजे हा छंद सोडून दे असे सांगण्यासारखेच आहे.

दुसरे असे की सर्व भाग एका तागडीत तोलता येत नाहीत. ५५५ टायमर (ठरावीक वेळाने स्पंद देणारी चिप) १९७२ पासून बाजारात आहे, एलएम३५८ हा ऑप-अँपही तितकाच जुना आणि सर्वपरिचित आहे, आणि दोन्ही अनेक कंपन्या रीतसर बनवतात. दिवा लुकलुकवण्यासाठी घेतलेला ५५५ कोणत्या कारखान्यातून आला याने काय बिघडते? यूएसबी-सिरियलचेच उदाहरण घ्यायचे तर डब्ल्यूसीएच कंपनीची सीएच३४० ही चिप स्वस्त आहे, स्वतःच्या नावाने विकली जाते आणि आर्डुइनो प्रकारच्या (प्रोग्राम भरून चालणाऱ्या) असंख्य स्वस्त बोर्डांवर बिनबोभाट काम करते. स्वस्त माल म्हणजे नकली माल असे समीकरण मांडल्याने अशा प्रामाणिक उत्पादकांवर अन्याय होतो.

आणि माल तपासून घेणे हा याच छंदाचा भाग आहे. आलेल्या रेझिस्टरांपैकी चार मल्टिमीटरने मोजावेत, ट्रान्झिस्टरच्या पिनांचा क्रम पाहावा, सेन्सरचा ओळख-क्रमांक वाचावा. मूळ मत मांडणाऱ्यांनी स्वतःच दोन मिनिटांची तपासणी सांगितली आहे, मग नवशिक्याला वितरकाच्या भरवशावर ठेवण्यापेक्षा तीच का शिकवू नये?

प्रतिसाद २

मी ध्वनिवर्धक आणि वीजपुरवठ्याची यंत्रे दुरुस्त करतो, त्यामुळे वरील तपासणीच्या मुद्द्यावर लिहिणे भाग आहे. मल्टिमीटरच्या तपासणीत जे उघडकीस येते, ते मुळात फारसे धोक्याचे नसते.

२एन३०५५ हा धातूच्या डब्यातला जुना पॉवर ट्रान्झिस्टर घ्या. डेटाशीटनुसार (उत्पादकाच्या माहितीपत्रकानुसार) तो १५ अँपिअर प्रवाह आणि पुरेशा थंडाव्यासह ११५ वॉट उष्णता सोसतो. नकली नगाचे वरचे टोपण कापून पाहिले, की आत सिलिकॉनचा इवलासा तुकडा बसवलेला दिसतो, कमी ताकदीच्या ट्रान्झिस्टरात असतो तसा. मीटरवर त्याचे डायोड ठीक दिसतात, गेन (प्रवाह किती पट वाढतो ते) ठीक दिसतो, हलक्या लोडवर (थोडाच प्रवाह घेणाऱ्या जोडणीवर) तो व्यवस्थित चालतोही. खऱ्या लोडवर मात्र त्या लहान तुकड्यातली उष्णता डब्यापर्यंत वेळेत पोहोचत नाही, तो शॉर्ट होतो आणि आपल्याबरोबर पुढचा स्पीकरही घेऊन जातो. हे तपासायचे तर नियंत्रित लोड, हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) आणि तो नग गमावण्याची तयारी हवी. त्यापेक्षा विश्वासाच्या ठिकाणाहून घेणे स्वस्त पडते.

मेन्सच्या (घरातल्या विजेच्या) बाजूला बसणाऱ्या भागांबाबत तर मला वादच मान्य नाही. एक्स वर्गाचे कपॅसिटर विजेच्या दोन तारांमध्ये बसतात, वाय वर्गाचे तार आणि अर्थिंग यांच्यामध्ये. पहिला वाईट रीतीने निकामी झाला तर आग लागू शकते, दुसरा शॉर्ट झाला तर उपकरणाच्या धातूच्या पेटीत वीज उतरू शकते. या कपॅसिटरवरची मान्यतेची चिन्हे कोणताही छापखाना छापून देईल. ती खरी आहेत हे मला मालाच्या साखळीवरूनच कळते. लिथियम सेलचेही तेच. ९९०० मिलिअँपिअर-तास असे छापलेले १८६५० आकाराचे सेल सर्रास विकले जातात, पण त्या आकारात याच्या निम्मी क्षमताही मावत नाही.

प्रतिसाद ३

वरील दोन्ही बाजूंनी एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती म्हणजे हवा तो भाग अधिकृत वितरकाकडे मिळतोच. मी जुनी संगणक-यंत्रे आणि वाद्ये दुरुस्त करतो. उत्पादन बंद झालेल्या चिप अधिकृत साखळीत सहसा राहत नाहीत. जुन्या बोर्डांवरून काढलेला किंवा कुठल्या गोदामात पडून राहिलेला माल हाच आमचा मुख्य आधार आहे, आणि तो खुल्या बाजारातच मिळतो. २०२० ते २०२२ दरम्यानच्या टंचाईत तर चालू उत्पादनातले मायक्रोकंट्रोलर (प्रोग्राम चालवणाऱ्या छोट्या चिप) सुद्धा अधिकृत वितरकांकडे महिनोन्महिने नव्हते.

अशा वेळी विक्रेता ओळखण्याची दुसरी पद्धत शिकावी लागते. अनेक चिपवर चार आकडी तारीख-कोड असतो, त्यातले पहिले दोन आकडे वर्ष आणि पुढचे दोन आठवडा दर्शवतात. कंपनीने उत्पादन थांबवल्यानंतरचे वर्ष त्यावर असेल तर तो नग पुन्हा छापलेला असण्याची दाट शक्यता आहे. चिपचा पृष्ठभाग घासून त्यावर काळा थर देतात तेव्हा साच्याची गोल खळगी बुजते किंवा उथळ होते, आणि काही थर ॲसिटोनच्या बोळ्याने निघून येतात. अलीकडचे थर ॲसिटोनलाही दाद देत नाहीत, म्हणून केवळ त्या चाचणीवर विसंबू नये. जो विक्रेता मागितल्यावर त्याच मालाचे जवळून काढलेले छायाचित्र पाठवतो आणि ‘बोर्डावरून काढलेला’ असे स्वतःहून लिहितो, त्याच्याकडून मी निर्धास्तपणे घेतो. वापरलेला पण खरा भाग आणि नवा दिसणारा खोटा भाग यांत मी पहिलाच निवडीन.

मूळ मत मांडणारे

बंद झालेल्या भागांविषयीचा मुद्दा मला पूर्णपणे मान्य आहे. तिथे अधिकृत वितरकाचा आग्रह निरर्थक ठरतो. सीएच३४० विषयीही दुमत नाही, किंबहुना ती चिप माझ्याच बाजूचा पुरावा आहे, कारण तिच्यावर तिचेच नाव असते.

तपासणीच्या मुद्द्यावर मात्र मी ठाम आहे. डीएस१८बी२० हा तापमान-सेन्सर घ्या. त्याचेही नकली प्रकार मुबलक आहेत. उणे १० ते ८५ अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात अर्ध्या अंशापर्यंतची अचूकता त्याच्या डेटाशीटमध्ये दिली आहे. हातचा नग तितका अचूक आहे का हे नवशिक्या कसा पाहणार? वितळत्या बर्फाच्या पाण्यात ठेवून शून्याचा बिंदू पडताळता येईल, पण ६० अंशांना तो किती चुकतो ते समजायला त्याच्याहून अचूक तापमापक हवा, आणि तो हाती असता तर हा सेन्सर घेण्याची गरज काय? पन्नास रेझिस्टरांतले चार मोजणे आणि एका सेन्सरची संपूर्ण अचूकता पडताळणे ही एका जातीची कामे नाहीत.

पाठवणीच्या खर्चाबाबत माझे उत्तर असे की ऑर्डर लहान असते, कारण आपण ती लहान ठेवतो. ई१२ मालिकेतले (दर दहापटीच्या टप्प्यात १२ ठरावीक मूल्ये असलेले) रेझिस्टर अशा सहा टप्प्यांसाठी घेतले तर ७२ मूल्ये होतात, आणि एकदा घेतली की पुढच्या ऑर्डरींतून रेझिस्टर हा विषयच निघून जातो. नेहमीचे रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या चिप), डायोड, सिरॅमिक कपॅसिटर यांचेही तसेच. लागेल तेव्हा मागवण्याऐवजी यादी चालू ठेवून ती भरल्यावर मागवली, तर पाठवणीचा भार सोसवतो.

प्रतिसाद ४

काही जणांनी मिळून एक ऑर्डर द्यावी, हा मार्ग कुणी सुचवलेला नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. आम्ही तसे करतो आणि पाठवणीचा खर्च वाटून घेतो. यात एक गोष्ट सांभाळावी लागते. लहान सिरॅमिक कपॅसिटरवर काहीही छापलेले नसते. एक्स७आर प्रकारचा कपॅसिटर उणे ५५ ते १२५ अंशांपर्यंत मूळ मूल्याच्या १५ टक्क्यांच्या आत राहतो, तर वाय५व्ही प्रकारचा आपल्या उणे ३० ते ८५ अंशांच्या पट्ट्यातच ८० टक्क्यांहून अधिक घसरू शकतो, आणि डोळ्यांना दोन्ही सारखेच तपकिरी दिसतात. पट्टी कापून वाटताना पाकिटावरच्या चिठ्ठीची प्रत प्रत्येकाच्या वाट्याबरोबर गेली नाही, तर अधिकृत वितरकाकडून घेतल्याचा सारा लाभ तिथेच संपतो.

प्रतिसाद १ चे लेखक

यादी साठवा हा सल्ला ज्याला आपण पुढच्या वर्षी काय बनवणार हे ठाऊक आहे त्याच्यासाठी ठीक आहे. नव्याने सुरुवात करणाऱ्याला ते ठाऊक नसते, आणि त्याचा उत्साह आठवडाभर टिकला तर पुढे तो टिकतो. त्याच्या हाती सामान लवकर आणि परवडेल असे पडणे मला आजही अधिक महत्त्वाचे वाटते. पॉवर ट्रान्झिस्टर, मेन्सचे कपॅसिटर आणि लिथियम सेल यांबाबत मात्र प्रतिसाद २ चे म्हणणे मी स्वीकारतो. तिथे मी काटकसर सुचवणार नाही.

उरलेल्या भागांसाठी माझी कसोटी विक्रेता अधिकृत आहे की नाही ही नसून तो पूर्ण भाग-क्रमांक आणि उत्पादकाचे नाव लिहितो की नाही ही आहे. नुसते ‘एलएम३१७’ (एक रेग्युलेटर) लिहिणाऱ्याकडून काय येईल ते सांगता येत नाही, कारण एलएम३१७टी दीड अँपिअर देतो आणि एलएम३१७एल जेमतेम १०० मिलिअँपिअर. ‘७४ मालिका’ (तर्कक्रिया करणाऱ्या डिजिटल चिप) असे मोघम लिहिणाऱ्याचेही तेच. पाच व्होल्टवर ७४एचसी चिपला ‘एक’ हा डिजिटल संकेत ओळखायला सुमारे साडेतीन व्होल्ट लागतात, ७४एचसीटीला दोन व्होल्ट पुरतात. ३.३ व्होल्टच्या मायक्रोकंट्रोलरला एचसीटी हवी असताना ‘दोन्ही एकच’ म्हणून एचसी पाठवणारा विक्रेता नकली माल विकत नसतो, तरीही सर्किट कधी चालते, कधी चालत नाही.

मूळ मत मांडणारे

ही कसोटी मी माझ्या मताला जोडून घेतो, परंतु तिच्या जागी ठेवत नाही. पूर्ण भाग-क्रमांक लिहायला विक्रेत्याला काहीच खर्च येत नाही, आणि बीएमई२८० च्या जाहिरातीतही तो पूर्ण आणि बिनचूक लिहिलेला असतो. हवामान-यंत्र जुळवणाऱ्या नवशिक्याने डिस्प्ले, ब्रेडबोर्ड, तारा आणि पिनांच्या पट्ट्या खुशाल खुल्या बाजारातून घ्याव्यात. सेन्सर आणि रेग्युलेटर हे दोन नग मात्र, पाठवणीचा खर्च जड वाटला तरी, वितरकाकडूनच मागवावेत.