टपालात न पडलेल्या पत्रांना पत्रं म्हणायचं का?

दौतटाक
आमच्या वाचनगटात परवा गिल्बर्ट व्हाइटवरून चांगलंच वाजलं. हा इंग्लंडमधल्या हॅम्पशायर परगण्यातल्या सेलबोर्न गावचा पाद्री (१७२०–१७९३). गावात पाहिलेले पक्षी, उंदीर, गांडुळं यांबद्दल त्याने थॉमस पेनंट आणि डेन्स बॅरिंग्टन या दोन निसर्गवेड्या मित्रांना वर्षानुवर्षं लिहिलं. ती पत्रं छापलेल्या त्याच्या १७८९ च्या 'द नॅचरल हिस्टरी ऑफ सेलबोर्न' या पुस्तकात पेनंटला ४४ पत्रं आहेत, बॅरिंग्टनला ६६. गटातल्या एकाचं म्हणणं, पहिली नऊ पत्रं पेनंटला कधी गेलीच नाहीत, पुस्तकासाठी मागाहून लिहिली, म्हणजे सगळा पत्रव्यवहारच बनाव.

मला हे मुळीच मान्य नाही. दहावं पत्र बघा, ४ ऑगस्ट १७६७ चं. या विषयाची ओढ असलेला एकही शेजारी आपल्याला लाभला नाही, असं तो सुरुवातीलाच सांगतो. नोव्हेंबरात लगेच उंदराच्या घरट्याची बातमी: गव्हाच्या पात्यांनी विणलेलं, क्रिकेटच्या चेंडूएवढं, आणि इतकं घट्ट की टेबलावरून घरंगळवलं तरी विस्कटलं नाही. आत आठ उघडीवाघडी, डोळे न उघडलेली पिल्लं! पुढच्या पत्रात दोन उंदीर तराजूत घातले, तर वजन तांब्याच्या एका हाफपेनी नाण्याइतकं भरलं. कळवायला पेनंट नसता तर उंदीर तराजूत घालायचं त्याला सुचलं असतं का?

रोजनिशी
सुचलं असतं. खरा व्हाइट त्याच्या नोंदवह्यांमध्ये आहे. वारा, पाऊस, भाज्यांची पेरणी, कासव कधी जमिनीतून वर आलं, हे सगळं तो मरणाच्या महिन्यापर्यंत टिपत होता. पुस्तकातली पत्रं तर त्याने स्वतःच कापून-जोडून घेतलेली, आणि पेनंटचं एकही उत्तर त्यात नाही. एकतर्फी पत्रांना संवाद कसं म्हणू?

दौतटाक
पण त्या नोंदींसाठी रकाने आखलेली छापील वही कुणी तयार केली होती? बॅरिंग्टनने! तुम्ही ज्याला एकट्याचं काम म्हणताय, त्याच्या पानापानावर मित्राचा हात आहे.

माळभिंगरी
मित्राचा हात होता, हे खरं. पण तो पाय ओढणाराही होता. माझा मुद्दा भिंगरी पक्ष्यांचा, म्हणजे स्वॅलोंचा. हिवाळ्यात त्या जातात कुठे? व्हाइटचा सख्खा भाऊ जिब्राल्टरला होता, त्याने त्यांचे थवेच्या थवे युरोप-आफ्रिकेमधली सामुद्रधुनी ओलांडताना पाहिले होते. एवढा घरचा पुरावा असूनही व्हाइट आयुष्यभर त्यातल्या काही बिळाखोबणीत झोपून राहत असतील म्हणून शोधत राहिला. बॅरिंग्टन तर स्थलांतरच नाकारणारा. अशा माणसाशी इतकी वर्षं लिहीत राहिलं की डोळ्यांपुढचंही दिसेनासं होतं. मला तरी या पत्रांमध्ये भिडस्त माणूस दिसतो.

पर्णवटवट्या
भिडस्त? भावाची साक्ष त्याने कुणाला कळवली, तर खुद्द बॅरिंग्टनलाच! समोरच्याच्या मताविरुद्धचा पुरावा त्याच्याच हाती देणाऱ्याला मी भिडस्त म्हणणार नाही.

आणि ऑगस्ट १७६८ चं पेनंटला लिहिलेलं पत्र वाचा. दिसायला जवळजवळ सारखे तीन वटवटे, म्हणजे पानांत वावरणारे चिमुकले पक्षी, त्याने आवाजावरून वेगळे केले, मग तिन्हींचे नमुने पुढ्यात ठेवून पंखांवरच्या खुणा कळवल्या. मी गेली अकरा वर्षं हिवाळ्यात ताम्हिणीच्या बाजूला वटवटे ऐकतोय. पानाआड हिरवट काहीतरी हलतं, दुर्बीण लावेपर्यंत पसार. चिवीऽ असा दोन तुकड्यांचा आवाज आला तरच मी नाव लिहितो, आणि लगेच एका मित्राला कळवतो. तो हटकून विचारतो, 'नक्की ऐकलंस?' की मी पुन्हा जाऊन उभा राहतो.

रोजनिशी
वटवट्यांचं पटलं. वहीचंही मानलं. पण 'पेनंटला पत्र' म्हणून छापलेली ती नऊ पानं पेनंटला गेलेली नाहीत, आणि वाचकाला तसं पुस्तकातच सांगायला हवं होतं. त्यावर मी हटणार नाही.

दौतटाक
सांगायला हवं होतं, कबूल. पण दहाव्यापासून पुढे वाचाच.