इंजिनाच्या हवेसाठी कोन (शंकूच्या आकाराचा) फिल्टर घ्यावा की पेपर फिल्टरच बरा? मदत हवी आहे

मंडळी, डिझेल 1.3 स्विफ्ट, खंबाटकी घाटात तिसऱ्या गिअरला दम खाते. गॅरेजवाले उघडा कोन फिल्टर सुचवतात. पण तो बॉनेटखालची गरम, विरळ हवाच ओढणार ना? कंपनीचा पाईप निदान पुढून गार हवा घेतो. तेल लावायच्या फिल्टरला तेल जरा सढळ झालं की एमएएफ सेन्सरवर (इंजिनात जाणारी हवा मोजणारा) थर बसतो, मग रीडिंग गंडतं. त्यात माण-खटावची धूळ!

आधी टर्बोच्या होजचे क्लॅम्प बघणार आहे. सांध्याशी तेलकट ओल म्हणजे बूस्ट (टर्बोनं दाबलेली हवा) गळतंय.

रीमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं) न करता नुसता इनटेक, म्हणजे हवा आत घेणारा फिल्टर-पाईप, बदलून चढाला फरक जाणवला का कुणाला? मूळ डब्यातच बसणारा कापडी फिल्टर धुळीत किती किलोमीटरला धुता?