अकरा ते वीस तारखेत घर कसं सांभाळता?

कासारवडवलीकर:
ऐरोलीत एका कंपनीचं अकाउंट्स बघते. सात तारखेला टीडीएस म्हणजे कापलेला कर भरायचा, अकराला जीएसटीआर-१ हे विक्रीचं रिटर्न, चौदाला टू-बी, म्हणजे विक्रेत्यांनी भरलेल्या आमच्या खरेदीच्या बिलांची जीएसटीची यादी आली की तिच्याशी बिलं जुळवायची, वीसला थ्री-बी, म्हणजे महिन्याचा कर भरायचं रिटर्न. या दिवसांत घरी पोचायला साडेनऊ वाजतात. ठाण्याला दहा नंबरवरून लोकल धरली की ऐरोली जवळच, पण घर ते ठाणे स्टेशन घोडबंदर रोडवर पाऊण तास लागेल की दीड, ते निघाल्याशिवाय कळत नाही. पहाटे पाचला उठून कणीक-भाजी उरकते. मुलगी चौथीत आहे. गेल्या अठराला ती वही उघडी ठेवूनच झोपली होती, माझी सही हवी होती म्हणून. ते डोळ्यांसमोरून जात नाही. अजून लवकर उठणं मला शक्य नाही. कुणी काय केलंय?

कोपरखैरणे_से१५:
पंचवीस मिनिटं एकच काम, मग पाच मिनिटं सुट्टी. पोमोडोरो म्हणतात त्याला. मला फायदा झाला.

कासारवडवलीकर:
करून पाहिलं. पंचवीस मिनिटांत सहा फोन येतात, त्यातले चार बिलांचेच.

नौपाड्याची_काकू:
अगं, मग त्या फोनांचंच बघ. मीही अकाउंट्समधूनच निवृत्त झाले, जीएसटी आल्यावरची पहिली वर्षं काढली आहेत. मला सांग, चौदानंतर तू माल देणाऱ्या पार्ट्यांना फोन करतेस का, 'तुमचं बिल टू-बीत दिसत नाही' म्हणून?

कासारवडवलीकर:
हो, रोज. त्यातच आठ वाजतात.

नौपाड्याची_काकू:
मासिक रिटर्नवाल्या पार्टीने अकरापर्यंत जीएसटीआर-१ भरला नसेल, तर तिचं बिल या महिन्याच्या टू-बीत येणारच नाही, पुढच्या महिन्यात येईल. म्हणजे सोळाला कितीही फोन केलेस तरी वीसच्या रिटर्नला त्याचा उपयोग शून्य. हेच फोन पाच ते नऊ तारखेत कर. नेहमी उशीर करणारी आठ-दहा नावं तुला तोंडपाठ असतील, तेवढ्यांनाच. चौदानंतर जे दिसेल ते जुळव, उरलेल्यांची यादी पुढच्या महिन्यासाठी ठेव आणि ऑफिसमधून वेळेवर नीघ.
घरचं म्हणशील तर दुधाचा हिशेब लिहितो त्या कालनिर्णयवर अकरा ते वीसला लाल रेघ मार. त्या दहा संध्याकाळी वही, सही, जेवण सगळं नवऱ्याकडे. 'मदत करशील का' असं विचारू नकोस. मी वीस वर्षं विचारत राहिले, आणि विचारायचं काम माझ्याचकडे राहिलं.

कोपरखैरणे_से१५:
काकूंचं खरं आहे. माझी बायको अकाउंट्समध्येच आहे. आमच्याकडे त्या दिवसांत डायरीवर मी सही करतो. आधी मुलगा 'आईचीच हवी' म्हणायचा, आता माझ्याकडेच येतो.

कासारवडवलीकर:
काकू, मागच्या तीन महिन्यांची यादी काढली. उशीर करणाऱ्या नऊ पार्ट्या, तिन्ही महिने जवळपास त्याच. मी सोळा-सतराला त्यांच्याच मागे लागत होते. उद्या सहा तारीख, सकाळी पहिला फोन त्यांनाच. लाल रेघ मुलीने मारली, आणि खाली 'बाबा' असं तिनेच लिहिलं. वीसनंतर परत लिहिते.